आठ वाणांचे प्रोबायोटिक आणि सिरॉसिस झालेले यकृत : एक परीक्षण

औषधाच्या दुकानात 'प्रोबायोटिक' म्हणून, म्हणजे आतड्याला उपयुक्त मानले जाणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणून, मिळणाऱ्या वस्तू इतक्या वेगवेगळ्या आहेत की त्या सर्वांचे एकत्र परीक्षण करणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होईल. जुलाब झालेल्या मुलाला दिली जाणारी बॅसिलस क्लॉसायची छोटी कुपी, प्रतिजैविकांबरोबर लिहून दिली जाणारी सॅकरोमायसिस बुलार्डी या यीस्टची पुडी, रोज प्यायची याकुल्टची बाटली आणि शीतकपाटात ठेवावी लागणारी अनेक वाणांची, म्हणजे जिवाणूंच्या अनेक प्रकारांची, पूड यांच्यातले सूक्ष्मजीव वेगळे आहेत, मात्रा वेगळ्या आहेत आणि त्यांच्यावर झालेला अभ्यासही वेगळा आहे. मी येथे त्यांपैकी एकाच प्रकाराविषयी लिहीत आहे : एका मात्रेत शंभर अब्जांहून अधिक जिवाणू असलेली आठ वाणांची पूड किंवा कॅप्सूल, जी सिरॉसिसच्या, म्हणजे यकृतात चट्टे पडून ते निकामी होत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांना काही यकृततज्ज्ञ लॅक्टुलोज या गोड पातळ रेचकाच्या जोडीने लिहून देतात. माझे मत आधीच सांगते. सिरॉसिसच्या ठरावीक रुग्णांसाठी, पुरेशा मात्रेत आणि थंड साखळी (कारखान्यापासून घरापर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था) न तुटता मिळाली, तर ही वस्तू विकत घेण्याजोगी आहे. निव्वळ 'लिव्हरचे रक्षण' व्हावे म्हणून धडधाकट माणसाने किंवा फॅटी लिव्हर असलेल्या माणसाने ती घ्यावी, असे मला वाटत नाही.

आतड्यातल्या जिवाणूंचा यकृताशी काय संबंध, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे थेट आतड्यांकडून येते. त्यामुळे आतड्यातून जे काही रक्तात उतरते, त्याची पहिली गाठ यकृताशीच पडते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात तोवर जिवाणू आणि त्यांच्या आवरणाचे विषारी तुकडे आतड्याच्या पोकळीतच राहतात. दारू, दीर्घ आजार किंवा सिरॉसिसमुळे पोर्टल व्हेनमध्ये वाढलेला दाब यांमुळे ही बांधणी सैल होते आणि एंडोटॉक्सिन नावाचा जिवाणूंच्या आवरणाचा घटक यकृतापर्यंत पोहोचू लागतो. यकृतातल्या कुप्फर पेशी त्याला ओळखून दाह निर्माण करणारी रसायने सोडतात, त्या दाहामुळे दुसऱ्या प्रकारच्या पेशी चट्ट्यांचे तंतू विणू लागतात, आणि आधीच चट्टे पडलेल्या यकृताचे नुकसान वाढत जाते. दुसरा धागा अमोनियाचा आहे. आतड्यातले काही जिवाणू युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत तो निकामी करते. सिरॉसिसचे यकृत करू शकत नाही, आणि तो अमोनिया मेंदूपर्यंत जाऊन रुग्णाला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी होते. रात्री झोप न लागता दिवसा गुंगी येणे, हिशेब चुकणे, हाताला विशिष्ट प्रकारची फडफड होणे, बोलण्यात विसंगती येणे आणि पुढे शुद्ध हरपणे अशा पायऱ्यांनी ती वाढत जाते. प्रोबायोटिकने या दोन्ही ठिकाणी मदत व्हावी अशी अपेक्षा असते : अमोनिया तयार करणाऱ्या जिवाणूंची जागा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी घ्यावी आणि आतड्याच्या अस्तराची बांधणी सुधारावी.

अपेक्षा वाजवी असली म्हणून ती खरी ठरतेच असे नाही, आणि म्हणूनच भारतात झालेल्या चाचण्या मला महत्त्वाच्या वाटतात. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेतील चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एन्सेफॅलोपॅथीचा झटका येऊन गेलेल्या सिरॉसिसच्या १३० रुग्णांपैकी ६६ जणांना सहा महिने रोज ९०० अब्ज जिवाणूंची आठ वाणांची पूड आणि उरलेल्या ६४ जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड देण्यात आली. पूड घेणाऱ्यांपैकी ३४.८ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. आकडे दिसायला मोठे आहेत, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. चाचणीचा मुख्य प्रश्न हाच होता आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध मिळाले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र एन्सेफॅलोपॅथीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण पूड घेणाऱ्यांत १९.७ टक्के आणि इतरांत ४२.२ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. यकृताच्या कार्यक्षमतेचे चाइल्ड आणि मेल्ड हे दोन्ही गुणांकही पूड घेणाऱ्यांत सुधारले. सिरॉसिसचा रुग्ण घरात असलेल्या कुटुंबाला रुग्णालयाची एक फेरी वाचणे म्हणजे काय असते ते ठाऊक असते. मला तरी या चाचणीतला सर्वांत मोलाचा आकडा हाच वाटतो.

दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातील दोन चाचण्या या चित्रात भर घालतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकदा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे तीन गट केले होते : लॅक्टुलोज घेणारे, प्रोबायोटिक घेणारे आणि यांपैकी काहीही न घेणारे. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण अनुक्रमे २६.५, ३४.४ आणि ५६.९ टक्के होते. म्हणजे प्रोबायोटिकचा उपयोग झाला, पण लॅक्टुलोजपेक्षा ते सरस ठरले असे मुळीच नाही. २०१४ च्या दुसऱ्या चाचणीत पूर्वी कधीही झटका न आलेले रुग्ण घेतले होते, आणि तेथे तीन महिन्यांच्या उपचारानंतरच्या पाठपुराव्यात प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी ८.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी १९.४ टक्के रुग्णांना झटका आला. जगभरातील अशा २१ चाचण्या आणि १,४२० रुग्ण एकत्र पाहणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन (वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणारी संस्था) आढाव्याने मात्र हात आखडता घेतला. एन्सेफॅलोपॅथीत सुधारणा होण्याची शक्यता त्याने मान्य केली, मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही असे सांगितले आणि बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी असल्याचेही नोंदवले. मी हे सारे वाचून ज्या निष्कर्षाला आले तो असा : लॅक्टुलोज आणि गरज पडल्यास रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक हाच उपचाराचा कणा आहे, आणि ही पूड त्याला दिलेला जोड आहे. जो दुकानदार किंवा ओळखीचा माणूस 'हे सुरू करा आणि ते गोड पातळ औषध बंद करा' असे सुचवतो, तो रुग्णाला धोक्यात घालतो.

आता खरेदीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मुद्दा. चंडीगडच्या चाचणीत वापरलेली पूड व्हीएसएल-३ या नावाने ओळखली जाई आणि तिचे मिश्रण क्लाउडिओ दे सिमोने या इटालियन वैद्यक संशोधकाने तयार केले होते. २०१६ मध्ये त्यांचा आणि त्या नावाचे हक्क असलेल्या कंपनीचा संबंध संपला. नाव एकीकडे राहिले आणि मूळ मिश्रण दुसरीकडे गेले. ते अमेरिकेत व्हिजबायोम आणि युरोपात व्हिवोमिक्स या नावांनी विकले जाऊ लागले. जुन्या नावाने विकल्या जाणाऱ्या नव्या मिश्रणाची जाहिरात 'तेच जुने उत्पादन' अशी करणे खोटे आहे, असा निर्णय अमेरिकेतील मेरिलँडच्या न्यायालयात ज्यूरीने २०१८ मध्ये दिला. दूरच्या देशातला व्यापारी खटला म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण २०१६ पूर्वीच्या चाचण्यांचे आकडे आजही माहितीपत्रकांत आणि विक्रेत्यांच्या बोलण्यात सर्रास येतात. चाचणी ज्या मिश्रणावर झाली तेच मिश्रण आपल्या हातातल्या खोक्यात आहे का, हे ग्राहकानेच पाहावे लागते. मूळ मिश्रणात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा एक, बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हे, लॉन्गम आणि इन्फँटिस हे तीन, आणि लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस, प्लँटारम, पॅराकेसाय व बल्गेरिकस हे चार असे आठ वाण सांगितलेले असत. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुळाचे शास्त्रज्ञांनी अनेक कुळांत विभाजन केल्यामुळे नव्या खोक्यांवर लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम, लॅक्टिकेसिबॅसिलस पॅराकेसाय अशी लांबलचक नावे दिसू शकतात. त्यांनी गोंधळून जाऊ नये, जिवाणू तेच आहेत. नुसते 'आठ वाण' एवढे छापलेले खोके मात्र मी परत करीन, कारण कोणतेही आठ वाण एकत्र केले की तोच परिणाम मिळेल असे मानायला आधार नाही.

आमच्या घरी ही पूड आली ती माझ्या थोरल्या काकांसाठी. त्यांना सिरॉसिस आहे, एन्सेफॅलोपॅथीसाठी ते रुग्णालयात राहून आले होते, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी लॅक्टुलोजच्या जोडीला ही पूड लिहून दिली. कोणत्या कंपनीची ते मी सांगत नाही, कारण माझ्या अनुभवातल्या तक्रारी त्या कंपनीच्या दोषापेक्षा या वस्तूच्या स्वभावाशी आणि ती विकणाऱ्यांच्या सवयींशी अधिक निगडित आहेत. पूड पांढरट पिवळसर आणि किंचित आंबूस आहे. साध्या पाण्यात ती नीट विरघळत नाही, गुठळ्या राहतात आणि उरलेला थर पेल्याच्या तळाशी बसतो. काकू ती दोन चमचे दह्यात आधी कालवून मग पातळ करतात, तेव्हा ती एकजीव होते आणि काकांना चवही जाणवत नाही. गरम दूध, चहा किंवा कढीत ती घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे, कारण उष्णतेने जिवाणू मरतात. सुरुवातीच्या दिवसांत पोट फुगणे आणि वायू सरणे वाढले, आणि लॅक्टुलोजनेही हेच होत असल्यामुळे नेमका कशाचा त्रास आहे ते कळेना. डॉक्टरांनी पूड अर्ध्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवायला सांगितल्यावर तो त्रास ओसरला.

मुख्य तक्रार थंड साखळीची आहे. या प्रकारची पूड २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी, असे वेष्टनावर लिहिलेले असते. एका दुकानात मी मागितल्यावर विक्रेत्याने ती फळीवरून, खोकल्याच्या औषधांच्या शेजारून काढून दिली. शीतकपाटात का ठेवली नाही असे विचारता, 'ताई, पूडच आहे, तिला काय होतंय?' असे उत्तर मिळाले. वाळवलेले जिवाणू थोडे दिवस खोलीच्या तापमानात तग धरतात हे खरे. पण विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुकानातल्या फळीवर किती दिवस गेले आहेत हे ग्राहकाला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. पूड दिसायला बदलत नाही, वास बदलत नाही, आणि आत जिवंत काही उरले आहे की नाही हे घरी तपासता येत नाही. आम्ही आता इन्सुलिन ठेवणाऱ्या दुकानातूनच ती घेतो, कारण अशा ठिकाणी वीज गेली तरी शीतकपाट चालू ठेवण्याची सोय असते आणि थंड पिशवीत माल देण्याची सवय असते. खोके घेताना अंतिम तारखेबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी : छापलेली जिवाणूंची संख्या उत्पादनाच्या वेळची आहे की अंतिम तारखेपर्यंतची हमी आहे. जिवाणू साठवणीत सतत कमी होत जातात, त्यामुळे पहिल्या प्रकारचा आकडा कितीही मोठा असला तरी ग्राहकाच्या उपयोगाचा नाही.

मात्रेचा आणि खर्चाचा हिशेब एकत्रच करावा लागतो. एका कॅप्सूलमध्ये ११२.५ अब्ज जिवाणू असतील, तर चंडीगडच्या चाचणीइतकी मात्रा होण्यासाठी रोज आठ कॅप्सूल लागतात, म्हणजे महिन्याला २४०. दहा कॅप्सूलची पट्टी सव्वा दिवसात संपते. दिल्लीच्या २०१२ च्या चाचणीत मात्र अशीच कॅप्सूल दिवसातून तीनदा दिली होती, आणि बहुतेक कुटुंबांना परवडण्यासारखी मात्रा तीच आहे. कोणती घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण एखाद्याने रोज एकच कॅप्सूल महिनाभर घेऊन 'काही फरक पडला नाही' असे म्हटले, तर त्याने चाचणीतल्या मात्रेची परीक्षाच घेतलेली नसते. हा खर्च सहा महिने चालणार असेल तर आधी आहारतज्ज्ञाचा सल्ला, पुरेशी प्रथिने आणि नियमित तपासण्या यांसाठी पैसे राखून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. काकांना त्यानंतर पुन्हा तसा झटका आलेला नाही. मात्र त्याच काळात त्यांच्या लॅक्टुलोजची मात्रा दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल अशी बसवली गेली आणि बद्धकोष्ठावर काकूंनी काटेकोर लक्ष ठेवले, त्यामुळे श्रेय पुडीचे किती हे एका रुग्णावरून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

फॅटी लिव्हरविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण या भीतीपोटीही प्रोबायोटिक घेतले जाते. सोनोग्राफीत 'ग्रेड वन' असे लिहून आले की माणूस घाबरतो, आणि ज्या जाहिरातीत आतडे व यकृत यांची चित्रे शेजारी-शेजारी असतात ती त्याला पटते. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे फॅटी लिव्हरच्या १०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बिफिडोबॅक्टेरियमचा एक वाण आणि त्याला पोसणारा तंतुमय पदार्थ सुमारे वर्षभर दिला होता. आतड्यातले जिवाणू बदलले. यकृतातली चरबी मात्र निष्क्रिय पूड घेणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाली नाही. लहान चाचण्यांत एसजीपीटी हे यकृताच्या इजेचे रक्तातले माप थोडे उतरल्याचे निष्कर्ष आहेत, पण त्यावर महिन्याचे बजेट आखावे इतके ते भक्कम नाहीत. वजन सात ते दहा टक्क्यांनी घटवले तर यकृतातली चरबी आणि दाह दोन्ही कमी होतात, याला मात्र कितीतरी चांगला पुरावा आहे, आणि त्यासाठी कोणतेही खोके लागत नाही. जो रोज दारू पितो त्याने 'लिव्हर सांभाळायला' प्रोबायोटिक घेऊ नये, दारू सोडण्यासाठी मदत घ्यावी; दारूने सैल झालेले आतड्याचे अस्तर दारू चालू असताना कोणतीही पूड बांधून ठेवू शकेल, असे मला कोणत्याही अभ्यासात आढळले नाही.

याकुल्टचाही येथे उल्लेख हवा, कारण स्वस्त आणि घरपोच मिळणारा पर्याय म्हणून अनेकजण त्याकडे वळतात. त्याच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत शिरोटा नावाच्या एकाच वाणाचे साडेसहा अब्ज जिवाणू असतात. दारूमुळे सिरॉसिस झालेल्या मोजक्या रुग्णांना हे पेय देऊन लंडनमध्ये केलेल्या २००८ च्या छोट्या अभ्यासात त्यांच्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची क्षमता सुधारली होती. निष्कर्ष आशादायक होता, पण तो रक्ततपासणीतला होता. ९०० अब्जांच्या हिशेबाने पाहिले तर त्या एका मात्रेतल्या जिवाणूंच्या संख्येसाठी सुमारे १३८ बाटल्या लागतील. वाण वेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही, तरी पूड आणि पेय एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत हे त्यावरून समजावे. शिवाय मूळ प्रकारात साखर असते, आणि मधुमेह व फॅटी लिव्हर एकत्र असलेल्या माणसाने ती हिशेबात धरायला हवी. भारतात अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये रोजच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत एवढीच अन्नसुरक्षा नियमांची अट आहे. म्हणजे नियमानुसार योग्य असलेली वस्तू चंडीगडच्या मात्रेपेक्षा नऊ हजार पटींनी कमी असू शकते.

घरच्या दह्या-ताकाची गोष्ट वेगळी. विरजणात कोणते वाण किती आहेत हे घरोघरी बदलते, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही, पण सिरॉसिसच्या रुग्णासाठी ते उत्तम अन्न आहे. या रुग्णांना प्रथिने तोडायला सांगण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी शिफारस असते, आणि दुधातली व डाळींतली प्रथिने त्यांना मांसाहारापेक्षा अधिक सोसतात. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही आवश्यक असते, आणि दही-भात त्यासाठी सोयीचा आहे. काळजी घ्यायची ती मिठाची. पोटात पाणी झालेल्या रुग्णाने नेहमीसारखे मीठ घातलेले ताक दिवसातून दोनदा प्यायले, तर पाणी कमी करण्याच्या गोळ्यांचे काम उलटे होते. काकू ताकात जिरे, कोथिंबीर आणि आले घालतात, मीठ घालत नाहीत, आणि काकांना आता तीच चव आवडू लागली आहे.

शेवटी सुरक्षिततेविषयी, कारण 'जिवाणू चांगलेच आहेत, अपाय कसला होणार' हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकते. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९६ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेगळ्या मिश्रणाचे प्रोबायोटिक नळीवाटे दिलेल्या रुग्णांपैकी १६ टक्के, तर निष्क्रिय पूड दिलेल्यांपैकी ६ टक्के रुग्ण दगावले. सिरॉसिसच्या चाचण्यांत असे काही दिसले नाही आणि पूड साधारणपणे नीट सोसली, तरी दोन्ही आजारांत अत्यवस्थ रुग्ण असतात हे विसरू नये. मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाजवळ सॅकरोमायसिस बुलार्डीची पुडी फोडल्यानेसुद्धा यीस्ट रक्तात गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेली आहेत. म्हणून रुग्ण अतिदक्षता विभागात असेल, त्याला जंतुसंसर्गाचा ताप असेल, किंवा यकृत प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर घरून नेलेली कोणतीही प्रोबायोटिक पूड उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये, आणि दाखल करताना औषधांच्या यादीत तिचे नाव, वाण आणि रोजची मात्रा लिहून द्यावी.